सीटकव्हरच्या शेडमधल्या बाळंतिणी

बाळ बाहेर येतं, रडतं, आणि लेबर रूमच्या दाराबाहेरून आवाज येतो, "सिस्टर, काय झालं?" बाळंतीण कशी आहे, रक्त किती गेलं, टाके पडले का, हे आधी कोणी विचारत नाही. मंगरुळपीर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांवर माझी सगळी नोकरी गेली आणि ह्या प्रश्नाचं उत्तर मी एका शब्दात देत आले. मुलगा म्हटलं की बाहेर लगेच पेढ्यांची भाषा. मुलगी म्हटलं की, "चला, दोघी सुखरूप आहेत ना, झालं तर." सुखरूप असण्याचं महत्त्व लोकांना मुलीच्या वेळीच आठवतं.

अंकासाठी लिहायला सांगताना संपादक बाई म्हणाल्या की दिवाळी आहे, जरा हसरं लिहा. हसरंही आहे माझ्याकडे. एका नवऱ्याला बायकोच्या कळा बघून इतकी चक्कर आली की सलाईन आधी त्याला लावावं लागलं. एक आजी शिरपूरहून पहिल्या बसने आली, नातू बघितला, त्याचं नाक आपल्या व्याह्यासारखं आहे म्हणून रुसली आणि चहाही न घेता परतीच्या बसने निघून गेली. पण हे सगळं मी नातेवाइकांच्या लग्नात सांगून संपवलं आहे. जे कुठेच सांगितलं नाही ते इथे लिहिते.

सुरुवात त्यातल्या त्यात बऱ्या गोष्टीने करते. एकदा शेलूबाजारच्या फाट्यावर मी बसची वाट बघत उभी होते. आसेगावकडून एक जीप भरधाव आली आणि माझ्यासमोर थांबली. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली, आत एक बाई कळा देत होती, आणि तिच्या नणंदेने मला ओळखलं. आत चढून बघते तर बाळाचं डोकं दिसत होतं. पुढे कुठे जायला वेळच नव्हता. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी झाडाखाली घे आणि तू खाली उतर. तो उतरला, पण दारातून हटेना. त्याची अडचण वेगळी होती. "सिस्टर, सीट नवीन आहे जी. कालच बसवली." मी म्हटलं, "रेक्झिन आहे ना? मग पुसलं की साफ."

बाळंतपण त्या सीटवरच झालं. मुलगी झाली. ड्रायव्हरने सीट पुसली, आणि नात्याचा ना गोत्याचा असून समोरच्या हॉटेलातून जिलेबी आणून सगळ्यांना वाटली. त्या बंद, तापलेल्या जीपमध्ये नव्या रेक्झिनचा वास इतका दाट होता की माझं चढलेलं डोकं उतरायला संध्याकाळ झाली. तरी त्या दिवशी मला त्या वासात काही वावगं वाटलं नाही. नव्या वस्तूचा वास कोणाला आवडत नाही? लोक नवी गाडी घेतल्यावर सीटवरचं प्लास्टिक महिनोन्महिने काढत नाहीत, वास टिकावा म्हणून.

ती सीट जिथे शिवली गेली तो शेड तिथून फार लांब नव्हता. हायवेला लागूनच टिनाचा लांबलचक शेड. जीप, ऑटो, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळ्यांच्या सीटचे कव्हर तिथे बनत. रेक्झिनचे मोठाले रोल बाहेरून येत. ते टेबलावर पसरून कापायचे, आत पातळ फोम लावायचा, मशीनवर शिवायचे, आणि काही ठिकाणी दोन तुकडे गरम पट्टीखाली दाबून चिकटवायचे. तीसेक बाया कामाला असतील. आजूबाजूच्या खेड्यांतल्या, तांड्यावरच्या. शेड सुरू होण्याआधी ह्याच बाया दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत यायच्या. शेडमधलं काम सावलीतलं, बसून करायचं, बारमाही. पोरं शाळेत राहात, म्हातारी माणसं घरात एकटी पडत नसत. बाया त्या शेडला जीव लावून होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

हायवेची धूळ नव्या मालावर बसू नये म्हणून खिडक्या बंद. वर टिन. वऱ्हाडातला एप्रिल-मे ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

आमच्या केंद्रात गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस ठरलेला असे. त्या दिवशी शेडमधल्या बाया सुट्टी काढून येत. पदराला धाग्यांचे तुकडे, आणि पदरालाच तो वास. दंडाला बी.पी.चा पट्टा बांधायला वाकलं की यायचा. मी एकदा हसून म्हटलंही होतं की तुम्ही आत आलात की आमच्या केंद्रात नवी जीप आल्यासारखं वाटतं.

त्यांच्यात सविता होती. आसेगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. नवरा गजानन, थोडी शेती, आणि हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. सविताचा हात शिलाईत इतका साफ होता की शेडमध्ये गरम पट्टीवरचं नाजूक काम तिच्याकडेच असे. लग्नानंतर लवकरच दिवस राहिले. तपासणीला एकदाही चुकली नाही, गोळ्या सगळ्या खाल्ल्या, रक्त चांगलं, वजन चांगलं. आठवा लागेपर्यंत कामावर गेली. माझ्या हातातून गेलेल्या बायांमध्ये इतकी सरळ केस क्वचित असते.

बाळंतपणही सरळ झालं. भर दुपारी. बाळ लगेच रडलं. मी पुसलं, नाळ बांधली, आणि रोजच्या सवयीने बघून तोंड उघडलं. तोंडातून शब्द आला नाही.

जे दिसलं ते साध्या शब्दांत सांगते. मुलगा म्हणावा तर लघवीची जागा टोकाला नव्हती, फार खाली होती. अवयव अगदी लहान आणि वाकलेला. अंडकोषाच्या जागी दोन रिकाम्या घड्या. मुलगी म्हणावी तर तसंही नव्हतं. बाकी बाळ गुटगुटीत, गुलाबी, मुठी आवळून ओरडत होतं.

बाहेरून सविताच्या सासूचा, गिरजाबाईंचा आवाज आला, "काय झालं वं सिस्टर?" मी म्हटलं, वजन चांगलं आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, रडलं चांगलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं की काहीतरी आहे.

आमचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी बाळ बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आपण काहीच बोलायचं नाही, अकोल्याला लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवायचं, तपासण्या होतील मग कळेल. ते बरोबरच होतं. पण टेबलावर सविता होती, आणि ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

"सिस्टर, सांगून काहून नाई राह्यल्या?"

मी तिच्या उशाशी बसले. सांगितलं की बाळाची लघवीची जागा पुरती बनलेली नाही, मुलगा आहे की मुलगी ते तपासूनच सांगता येईल, बाकी बाळ धडधाकट आहे. मला वाटलं आता ती रडेल. मग तिने मान वळवली आणि विचारलं, "दूध पाजू का मंग त्याले?"

नोकरीत मी बरीच धीराची माणसं पाहिली. ह्या एका वाक्याच्या तोडीचं काही आठवत नाही.

अकोल्याला मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले, कारण गजाननने हात जोडले. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जन मॅडमनी बाळ तपासलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की रक्ताचा एक रिपोर्ट बाहेरगावाहून येतो, त्याला वेळ लागेल. तोपर्यंत थांबा.

थांबणं म्हणजे काय ते खेड्यातल्या माणसालाच कळेल. बाळाचं बारसं करता येईना. नाव कोणतं ठेवणार? गावात बाळाला न्हाऊ घालायला एक ठरलेली बाई येते. ती आली तेव्हा सविताने तिला दारातूनच परत पाठवलं आणि आतून कडी लावून बाळाला स्वतः न्हाऊ घातलं. रोज तसंच. बाळंतिणीने असं करायचं नसतं. दोन-चार दिवसांत गाव समजायचं ते समजलं. लोकांनी कोणते शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. गिरजाबाईंनी मात्र माझ्यासमोरच सांगून टाकलं की आमच्या खानदानीत असं लेकरू कोणाच्याच पोटी आलं नाही, हे हिच्या माहेरचं आहे. सविताची आई बिचारी डिंकाचे लाडू घेऊन आली होती. ती डबा ठेवून तशीच उलटपावली गेली.

रिपोर्ट आला. बाळ मुलगा होता.

गिरजाबाईंनी पेढे वाटले. सविताला जवळ घेतलं. जणू मधलं काही घडलंच नव्हतं. लोकांच्या लेखी गोष्ट तिथे संपली. पोरासाठी ती तिथून सुरू होत होती. वर्ष उलटल्यावर एक ऑपरेशन, मग दुसरं. सरकारी योजनेत बसलं, तेवढं बरं. नळी घातलेलं पोर दिवसचे दिवस मांडीवर घेऊन सविता वॉर्डात बसून राही. लघवीच्या वेळी ते असं किंचाळायचं की शेजारच्या खाटेवरच्या बाया तोंड फिरवायच्या. मॅडम म्हणाल्या, दिसायला आणि वापराला ठीक होईल. पुढे लग्नाच्या वयात काय, ते आज कोणी सांगू शकत नाही.

त्यातल्याच एका फेरीत मॅडमनी सविताला विचारलं की दिवस असताना तू काय काम करायचीस. सविता म्हणाली, सीटकव्हर शिवायची. मॅडमनी पेन खाली ठेवलं. कसली सीट, कोणतं कापड, शेड उघडा की बंद, गरम करायचं काम कोणाकडे, सगळं विचारून घेतलं.

मग त्यांनी मला जे समजावलं ते मला कळलं तसं सांगते. साधं प्लास्टिक कडक असतं. त्याचं मऊ रेक्झिन करायला त्यात तेलासारखी रसायनं घालतात. त्यांना थॅलेट म्हणतात. ही रसायनं प्लास्टिकमध्ये मिसळलेली असतात, पण घट्ट बांधलेली नसतात. ऊन लागलं, गरम पट्टी लागली, की हळूहळू सुटून हवेत येतात, धुळीला चिकटतात, श्वासातून आणि हातातोंडातून अंगात जातात. पोटातलं बाळ मुलगा असेल तर ते तिसऱ्या महिन्याच्या आसपास मुलगा म्हणून घडत असतं. ते घडवायला त्याच्या अंगातलं एक हार्मोन लागतं. ह्यातली काही रसायनं त्या हार्मोनच्या कामात अडथळा आणतात, असा संशय आहे आणि प्राण्यांमध्ये तसं दिसलेलंही आहे. माझ्या वासाच्या विनोदाची मला तिथे लाज वाटली. रेक्झिनला वास येतो तो ह्याच रसायनाचा का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, वास बऱ्याच गोष्टींचा असतो. ह्यांचा वास कदाचित येणारही नाही. वास नाही म्हणजे हवा चांगली, असं धरू नका.

गजानन शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "म्हंजे त्या शेडीनं झालं हे?"

मॅडम म्हणाल्या, "मी तसं लिहून देऊ शकत नाही. कोणीच देऊ शकणार नाही. अशी मुलं शेडमध्ये न जाणाऱ्या बायकांनाही होतात."

हे उत्तर खरं होतं. खऱ्या उत्तराने माणसाच्या हातात काही पडतंच असं नाही. येताना बसमध्ये गजानन एकदाच बोलला. म्हणाला की साप चावला असता तर निदान साप तरी दाखवता आला असता.

पुढच्या वर्षी रेखाचं बाळंतपण माझ्याच हातून झालं. रेखाही शेडमधली, सविताच्याच टेबलावरची. मुलगाच होता, ओळखायला अडचण नव्हती, पण अंडकोष दोन्ही बाजूंनी उतरलेले नव्हते आणि लघवीची जागा थोडी खाली होती. सविताच्या बाळाइतकं नाही, पण त्याच वाटेवरचं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सिस्टर, दोन केसवरून काही म्हणता येत नाही, अशी बाळं सगळीकडे अधूनमधून होतच असतात. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्या आधीच्या नोकरीतही अशी बाळं होऊन गेली होती, आणि त्यांच्या आया कुठे काम करत होत्या ते मी कधी विचारलं नव्हतं.

पण मला स्वस्थ बसवेना. एका रविवारी मी शेडवर गेले.

आत गेल्यावर पहिल्यांदा लक्ष गेलं ते खिडक्यांच्या काचांकडे. आतून त्यांच्यावर तेलकट, धुरकट थर बसला होता. बोट फिरवलं तर बोट चिकट झालं. एक बाई म्हणाली, पाण्यानं निघत नाही, सर्फ लागते. गरम पट्टीवर आता एक नवी पोरगी होती, नुकतं लग्न झालेली.

शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांचं ऑफिस बाजूला, वेगळं. त्यांनी चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं. माझं म्हणणं एवढंच होतं की खिडक्या उघडा, हवा बाहेर फेकणारे पंखे लावा, आणि ज्या बाईला दिवस आहेत तिला गरम पट्टीपासून लांब, दाराजवळचं काम द्या. शेठ आधी हसले. म्हणाले, वास तर असतेच सिस्टर, मालाचा वास आहे तो. मग हसायचे थांबले. ऑफिसात एक तरुण बाई हिशोब लिहीत होती. ती त्यांची सून. तिच्याकडे न बघता त्यांनी मला हळूच विचारलं, "हिलेही काही होऊ शकते का?"

मी म्हटलं, तिचं बसणं शेडपासून लांब आहे, धोका कमी असावा, पण काळजी घेतलेली बरी.

दुसऱ्या दिवसापासून सून ऑफिसात दिसली नाही.

मला वाटलं, चला, माणसाला पटलं. पटलंच होतं. आठवड्याच्या आत शेठने पंखे लावले, खिडक्या उघडल्या. आणि शेडमधल्या झाडून सगळ्या तरुण लग्न झालेल्या बायांना कामावरून काढलं. कोणाला काही झालं तर जिम्मेदारी कोण घेईल, असं म्हणाले. त्यांच्या जागी बाहेरून पुरुष आणले. म्हाताऱ्या दोघी-तिघी तेवढ्या ठेवल्या, झाडायला.

तपासणीचा दिवस आला तेव्हा केंद्रात बाया जमल्या, पण तपासायला नाही. पुढे रेखा होती, कडेवर बाळ. तिने आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सिस्टर, तुमाले कोणी बलावलं होतं थ्या शेडीत?"

मी सांगू लागले की मी काढायला नव्हतं सांगितलं, पंखे लावायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "पंखे लावले ना त्यानं. आमी कुठी बसून खावी ती हवा?"

सविता मागे उभी होती. निघताना नेहमी 'येते सिस्टर' म्हणायची, ते त्या दिवशी म्हणाली नाही. त्या दिवाळीनंतर रेखा आणि आणखी काही जणी नवऱ्यांसोबत उसाला गेल्या. रेखाच्या पोराची शस्त्रक्रिया ठरत आली होती, ती पुढे ढकलली गेली. किती पुढे, ते मला माहीत नाही, कारण त्यानंतर ती माझ्याकडे आलीच नाही.

इथे थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं की निदान पोटातल्या लेकरांपासून तो माल लांब गेला. तेही झालं नाही.

काही महिन्यांनी मी गृहभेटींना गेले. गावातली आशाताई सोबत होती. एका घरात गरोदर बाईची नोंद करायची होती. दार बंद. आत गेले तर एका खोलीच्या घरात रेक्झिनचे रोल भिंतीला लावून ठेवलेले, मधोमध शिलाई मशीन, कोपऱ्यात चूल, आणि रोलांच्या शेजारी मोठं पोर झोपलेलं. आशाताई म्हणाली, आता शेठ माल घरीच पाठवतात. ऑटो येतो, रोल टाकून जातो, शिवलेले कव्हर घेऊन जातो. घरी बसून काम, मग बाया शेठच्या शेडवर नाहीत आणि जिम्मेदारीही त्यांची नाही. पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्या घरातही. गरम पट्टी मात्र घरी नव्हती, तर बाया जोड द्यायला इस्त्री वापरत होत्या. दार उघडं ठेवलं की धूळ बसते आणि माल परत येतो, म्हणून दारं बंद. शेडला निदान छत उंच होतं.

आणि कातरणं. उरलेल्या तुकड्यांचे ढीग दारामागे पडलेले. हिवाळ्यात सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला बाया तेच चुलीत घालत. लवकर पेटतात म्हणाल्या. थंडीत त्या गावावर काळपट, डोळे चुरचुरवणारा धूर पसरलेला असायचा. शाळेत जाणारी पोरं नाकाला रुमाल लावून चालत. धुळीची ॲलर्जी असेल, असं म्हणून खोकल्याचं औषध मीच त्यांना देत होते.

मी वर अर्ज केले. बऱ्याच खेपांनंतर कारखाने तपासणारे एक साहेब आले, सोबत मलाही नेलं. शेड बघितला. खिडक्या उघड्या, पंखे गरगर फिरताहेत, एकही गरोदर बाई नाही. साहेब समाधानाने म्हणाले, इथे तर सगळं व्यवस्थित आहे. मी म्हटलं, घरं बघा. त्यांनी समजावलं की कारखाना तपासता येतो, कोणाच्या घरात शिरून हवा तपासायचा अधिकार त्यांच्याकडे नाही. तेही खरंच होतं. ह्या सगळ्या प्रकरणात मला खोटं बोलणारा माणूस फारसा भेटलाच नाही. जो तो आपल्या जागी खरा होता, आणि हवा कोणाच्याच हद्दीत येत नव्हती.

मग मी निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली, भाषणं झाली. एकाने 'हजारो मातांची माय' वगैरे म्हटलं. त्या सभेला शेडमधली एकही बाई नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आसेगावला गेले होते. परतताना मन घट्ट करून सविताच्या घरी गेले. इतक्या वर्षांनी ती तोंड फिरवेल ह्याची माझ्या मनाची तयारी होती. तिने फिरवलं नाही. "या ना सिस्टर, बसा," म्हणाली आणि खाटेवरची कव्हरं सरकवून जागा केली. गिरजाबाई आता राहिल्या नाहीत. पोरगा मोठा झाला आहे. वर्गात हुशार आहे, पण शाळेच्या सहलीला जात नाही. इतर पोरांसोबत लघवीला उभा राहात नाही, आणि त्यावरून त्याला चिडवतात. सविताने हे पाण्याचा गडवा माझ्यासमोर ठेवता ठेवता सांगितलं.

खोलीत दार लोटलेलं, वर टिन, भिंतीला रोल. मला आत शिरताच घाम फुटला. पाळण्यात तान्हं बाळ होतं. मला कल्पनाच नव्हती. मी विचारलं, पोटात असतानाही हेच काम केलंस? ती म्हणाली, दुसरं कोणतं करू सिस्टर, तुमीच सांगा. मी दार थोडं उघड म्हटलं, तर ती उठली, माझ्या समाधानापुरतं थोडं उघडलं, आणि पुन्हा मशीनशी येऊन बसली.

मी बाळाला उचललं. जुनी सवय, हात आपोआप दुपट्याकडे गेला. सविता हसली.

"पाहा ना, पाहा. पोरगी आहे. यावेळी म्या आधीच देवाले म्हटलं होतं, मले पोरगीच दे." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "पोरीले तसं काही होत नाई ना, सिस्टर?"

सर्जन मॅडमना हाच प्रश्न मी तेव्हा विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या की मुलींमध्ये जन्माच्या वेळी काही दिसत नाही. पाळी लवकर येण्यापासून पुढे मूल राहण्यापर्यंत काय काय होऊ शकतं त्याचा अजून शोध चालू आहे, आणि जे होईल ते वर्षांनी कळेल.

सविता माझ्या तोंडाकडे बघत होती. मशीनवर अर्धवट शिवलेलं कव्हर होतं आणि बाहेर माल न्यायला आलेला ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"नाही होत," मी म्हटलं.

"मी तेच म्हणत होती आमच्या यायले," ती म्हणाली, आणि तिने मशीन सुरू केलं.